मनःस्थिती, ताण आणि पेशींतील विकरे : लिथियमपासून घ्यावयाचा धडा

प्रास्ताविक

उन्माद, विषाद, चित्तोद्वेग व अनिद्रा या तक्रारींचे रुग्ण आपणा सर्वांच्याच चिकित्सालयांत येतात. त्यांतील अनेकांची आधुनिक मानसोपचाराची औषधे आधीपासून चालू असतात. काही रुग्ण हे आपणहून सांगतात, काही संकोचाने लपवितात, आणि काही तर त्वचेच्या, वजनाच्या वा संधिवाताच्या तक्रारीसाठी येत असल्यामुळे ‘त्याचा येथे काय संबंध’ असे समजून गप्प राहतात. प्रस्तुत लेखात आम्ही या औषधांपैकी एकाच औषधाचा, लिथियमचा, विचार करणार आहोत. याचे कारण दुहेरी आहे. ताण आणि मनःस्थिती यांचे नियमन मेंदूच्या पेशींतील विकरे कशी करतात, हे समजण्यास लिथियमइतके चांगले उदाहरण दुसरे क्वचितच असेल. शिवाय आपण नित्य योजतो त्या लंघन, स्वेदन, विरेचन व अळणी पथ्य या उपक्रमांनी ज्याचे रक्तातील प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते, असेही हेच औषध आहे. म्हणून हा विषय केवळ ज्ञानवृद्धीचा नाही. रुग्णाच्या जीविताचा आहे.

पेशीच्या आत निरोप कसा पोहोचतो

विकर म्हणजेच एन्झाइम. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे, परंतु स्वतः त्यात खर्च न होणारे प्रथिन, ही त्याची साधी व्याख्या. पचनातील विकरे आपणांस परिचित आहेत. मेंदूच्या पेशींत मात्र काही विकरांचे काम पचनाचे नसून निरोप पोहोचविण्याचे असते.

नॉरॲड्रिनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही द्रव्ये एका चेतापेशीतून निघून दुसरीच्या पृष्ठभागावरील ग्राहीवर येऊन बसतात. बहुधा ती पेशीच्या आत शिरत नाहीत. दारावर थाप पडावी आणि घरातील माणसाने आतल्या खोलीत वर्दी द्यावी, तसा हा प्रकार आहे. दारावरील थापेमुळे आतील ॲडिनिलिल सायक्लेज नावाचे विकर जागे होते व ‘सायक्लिक एएमपी’ हे द्रव्य तयार करते. हे द्रव्य ‘प्रोटीन कायनेज ए’ या दुसऱ्या विकरास कामाला लावते. दुसऱ्या एका मार्गाने ‘प्रोटीन कायनेज सी’ जागे होते. कायनेज वर्गातील विकरांचे काम एकच : अन्य प्रथिनांस फॉस्फेटचा कण जोडणे. तो कण जोडला की काही प्रथिने चालू होतात, काही बंद पडतात. फॉस्फेटेज वर्गातील विकरे तो काढून घेतात व स्थिती पूर्ववत होते.

या शोधांचे महत्त्व पुरस्कारांवरूनही ध्यानात येईल. सायक्लिक एएमपीच्या संशोधनासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१ साली, फॉस्फेट जोडण्या-काढण्याच्या क्रियेसाठी एडविन क्रेब्ज व एडमंड फिशर यांना १९९२ साली, तर चेतासंस्थेतील निरोपवहनाच्या संशोधनासाठी आर्विड कार्लसन, पॉल ग्रीनगार्ड व एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ताणाच्या वेळी काय घडते

आपल्या कपाळामागे मेंदूचा जो अग्रभाग आहे तो विचार, संयम व निर्णय यांचे स्थान होय. सौम्य जागृतीच्या अवस्थेत तेथे नॉरॲड्रिनॅलिन व डोपामिन बेताने स्रवतात आणि एकाग्रता साधते. ताण तीव्र झाला की हीच द्रव्ये प्रमाणाबाहेर स्रवतात. मग वेगळ्या प्रकारच्या ग्राहींद्वारे पेशीतील प्रोटीन कायनेज सी अति सक्रिय होते, सायक्लिक एएमपीचे प्रमाणही वाढते, आणि अग्रभागातील पेशींचे परस्परांशी असलेले संधान तात्पुरते दुर्बल होते. प्रोटीन कायनेज सी च्या अतिक्रियेमुळे प्राण्यांत कार्यकारी स्मृती बिघडते, हे एमी आर्न्स्टन यांच्या गटाने २००४ साली दाखविले. अशा वेळी मेंदूचा भय व क्रोध यांच्याशी संबंधित असलेला खोलवरचा भाग वरचढ ठरतो. परीक्षागृहात पाठ असलेले उत्तर न आठवणे किंवा संतापात नको ते बोलून जाणे यामागे हीच यंत्रणा आहे.

ताण ओसरला की निरोगी माणसात ही विकरे पूर्वस्थितीवर येतात. द्विध्रुवी मनोविकारात, म्हणजे उन्माद व विषाद आलटून पालटून येणाऱ्या व्याधीत, ही परतीची वाट बिघडलेली असते, असे मानण्यास आधार आहे. प्रोटीन कायनेज सी ला रोखणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधाने उन्मादाचा वेग कमी होतो, हे २००७ व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचण्यांत दिसले, ते या दृष्टीने लक्षणीय आहे.

लिथियमचा इतिहास : एक यश आणि एक इशारा

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळील बंडूरा येथील रुग्णालयात जॉन केड हे मानसरोगतज्ज्ञ काम करीत होते. गिनीपिगांना लिथियमचे क्षार टोचल्यावर ते प्राणी शांत पडून राहतात, असे त्यांना दिसले. केड यांनी प्रथम स्वतः ते क्षार घेऊन पाहिले आणि मग २९ मार्च १९४८ रोजी वर्षानुवर्षे उन्मादाने पछाडलेल्या एका रुग्णास देण्यास प्रारंभ केला. रुग्ण इतका सुधारला की त्याच वर्षी घरी गेला. उन्मादाच्या दहा रुग्णांवरील अनुभव केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले.

परंतु कथा येथे संपत नाही. त्या पहिल्या रुग्णाने घरी गेल्यावर औषध सोडले, व्याधी उलटली, पुन्हा औषध सुरू झाले, आणि १९५० साली लिथियमच्या विषबाधेनेच त्याचा मृत्यू झाला. रक्तातील लिथियम मोजून मात्रा ठरविण्याची पद्धत तेव्हा रूढ झाली नव्हती.

त्याच सुमारास अमेरिकेत दुसरी दुर्घटना घडली. हृद्रोग व रक्तदाब यांच्या रुग्णांना मीठ वर्ज्य असते. त्यांच्यासाठी मिठाऐवजी लिथियम क्लोराइड बाजारात विकले जात होते. विषबाधा व मृत्यू झाल्यावर १९४९ साली ते बाजारातून काढून घेण्यात आले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हे रुग्ण लिथियम तर घेत होतेच, शिवाय ते मीठ वर्ज्य करीत होते. या दोन गोष्टींचा संयोग घातक कसा होतो, हे पुढे पाहू.

डेन्मार्कमधील मोगेन्स शू यांनी १९५४ साली लिथियमची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली व पुढे ते व्याधीचे पुनरावर्तन टाळते हेही दाखविले. अमेरिकेत उन्मादासाठी त्यास १९७० साली मान्यता मिळाली. आजही द्विध्रुवी विकारातील प्रमुख औषधांत त्याची गणना होते, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याचा त्याचा गुण विशेष मानला जातो.

लिथियम कोणत्या विकरांवर कार्य करते

लिथियमचा कण मॅग्नेशियमच्या कणाशी बराच मिळताजुळता आहे. ज्या विकरांना कार्यासाठी मॅग्नेशियम लागते, त्यांपैकी काहींच्या ठिकाणी लिथियम स्पर्धक म्हणून शिरते व त्यांची गती मंदावते. अशी दोन विकरे महत्त्वाची आहेत.

पहिले ‘इनोसिटॉल मोनोफॉस्फेटेज’. प्रोटीन कायनेज सी ज्या मार्गाने जागे होते, त्या मार्गास लागणारे इनोसिटॉल वापरून झाल्यावर पुन्हा उपलब्ध करून देणे हे त्याचे काम. लिथियम त्यास रोखते, हे १९८० साली दिसून आले. परिणामी ज्या पेशींत निरोपांचा गोंधळ अधिक, त्यांनाच इनोसिटॉलची चणचण भासते. शांत पेशींना तितकीशी भासत नाही. उत्तेजित पेशी शमावी आणि स्वस्थ पेशीला धक्का लागू नये, हा या कल्पनेचा गाभा आहे.

दुसरे ‘ग्लायकोजेन सिंथेज कायनेज-३’. शर्करेच्या साठवणीसंबंधी संशोधन चालू असता हे विकर सापडले, म्हणून त्याचे नाव असे. अन्य बहुतेक कायनेज विकरे निरोप आल्यावर जागी होतात. हे मात्र मुळातच जागे असते आणि निरोप आल्यावर त्यास आवरले जाते. सेरोटोनिन, इन्सुलिन व चेतापेशींचे पोषण करणारे घटक हे त्यास आवर घालतात. तो आवर सुटला तर पेशींची वाढ, परस्परसंधान व दैनंदिन जैविक लय यांवर अनिष्ट परिणाम होतो. लिथियम या विकरास रोखते, हे १९९६ साली दाखविण्यात आले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ज्या उंदरांत हे विकर जन्मतः कमी होते, त्यांचे वर्तन लिथियम दिलेल्या उंदरांसारखे आढळले.

विकर रोखले गेले तरी मनःस्थिती लगेच बदलत नाही. लिथियमचा गुण दिसण्यास एक ते तीन आठवडे लागतात, कारण विकरांपासून जनुकांपर्यंत व जनुकांपासून पेशीच्या रचनेपर्यंत बदल क्रमाने घडत जातात. ‘चार दिवस घेतले, काही फरक नाही’ असे म्हणणाऱ्या रुग्णास हे समजावून सांगणे आपलेही काम आहे.

आयुर्वेदीय विचाराशी सांगड : कोठवर?

चरकाचार्यांनी उन्मादात मन, बुद्धी, संज्ञा, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. वायू हा मनाचा नियंता व प्रेरक आहे, असेही त्यांचे प्रतिपादन आहे. मनोव्यापार आणि शरीरव्यापार परस्परांत गुंतलेले आहेत हा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही. परंतु म्हणून अमुक विकर म्हणजे प्राणवायू आणि तमुक विकर म्हणजे साधक पित्त अशी समीकरणे मांडण्याचा मोह आम्ही टाळतो. दोष ही संकल्पना क्रियांच्या व्यापक समूहाविषयीची आहे. विकर हा एक मोजता येणारा पदार्थ आहे. दोन्ही भाषा शिकाव्यात, त्यांची सरमिसळ करू नये.

हीच सावधगिरी आपल्या मेध्य द्रव्यांविषयी. काचपात्रात एखाद्या वनस्पतीच्या अर्काने एखादे विकर रोखले गेले, एवढ्यावरून ती वनस्पती लिथियमची जागा घेऊ शकते असे सिद्ध होत नाही. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी या रसायनांचा आदर राखूनच आम्ही हे म्हणतो.

लवण, उदक आणि लिथियम

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. लिथियमचे शरीरात पचन वा रूपांतर होत नाही. ते जवळजवळ सर्व मूत्रावाटेच बाहेर पडते. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखेच वागविते. शरीरात मीठ व पाणी पुरेसे असेल तर लिथियम योग्य प्रमाणात बाहेर टाकले जाते. मीठ वा पाणी कमी पडले की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही परत शोषले जाते. मात्रा तीच, गोळ्या तितक्याच. तरी रक्तातील प्रमाण चढते.

लिथियमची उपयुक्त पातळी सामान्यतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलीमोल असते. ती १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती, आणि २ च्या वर गंभीर धोका. गुण आणि विष यांत इतके थोडे अंतर असलेली औषधे फार नाहीत.

या पार्श्वभूमीवर चरकाचार्यांनी सांगितलेले लंघनाचे दहा प्रकार आठवावेत : वमन, विरेचन, निरूह व शिरोविरेचन हे चार शोधन प्रकार, आणि पिपासा, मारुत, आतप, पाचन, उपवास व व्यायाम. यांपैकी वमन, विरेचन, पिपासानिग्रह, आतप, उपवास व व्यायाम हे शरीरातील जल वा लवण कमी करू शकतात. स्वेदनाचेही तेच. विरेचनानंतरच्या संसर्जनक्रमात पेया, विलेपी व अकृत यूष येतात. अकृत यूषात स्नेह व लवण नसते. म्हणजे शोधनाने झालेली हानी पुढेही काही दिवस भरून निघत नाही. शोथ व उदर यांत लवण वर्ज्य सांगितले आहे, आणि अनेक वैद्य त्वग्रोगातही अळणी पथ्य देतात. पुनर्नवा, गोक्षुर यांसारखी मूत्रल द्रव्ये आपण सढळपणे वापरतो. वजन कमी करण्यासाठी मूत्रल वनस्पतींचे मिश्रण घेणाऱ्या एका तरुणीस लिथियमची विषबाधा झाल्याचा वृत्तांत २००१ साली अमेरिकेतील मानसोपचाराच्या नियतकालिकात आला होता.

उलट दिशेनेही विचार करावा. सज्जीक्षार, लवणभास्कर चूर्ण अशी सोडियमयुक्त द्रव्ये एकाएकी अधिक प्रमाणात सुरू केली तर लिथियम जास्त बाहेर पडते, पातळी उतरते व व्याधी उलटू शकते. ईसबगोलामुळेही लिथियमची पातळी घटल्याची नोंद आहे. पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग करू नये, हा विमानस्थानातील उपदेश या संदर्भातही मार्गदर्शक ठरतो. लिथियम घेणाऱ्यास मीठ कमी नको, तसेच जास्तही नको. हवे ते रोजच्यासारखे.

लक्षणांचा फसवा वेश

एक कल्पित, परंतु कोठेही घडू शकेल असे उदाहरण घेऊ. विदर्भातील मे महिना. सुमारे पंचेचाळीस वर्षांच्या शिक्षिका अंगास खाज व वाढलेले वजन यांसाठी वैद्यांकडे येतात. आठ वर्षे लिथियम चालू आहे, हे त्या सांगत नाहीत आणि वैद्य विचारीत नाहीत. अळणी पथ्य, स्नेहन, स्वेदन व विरेचन होते. तिसऱ्या दिवशी हात जोराने कापू लागतात, मळमळते, पातळ जुलाब होतात, चालताना तोल जातो, जीभ अडखळते.

आपल्या सवयीच्या दृष्टीस येथे काय दिसेल? कंप व स्खलन म्हणजे वातप्रकोप, जुलाब म्हणजे शोधनाचा शेष वेग वा आम. मग उपाय कोणता सुचेल? आणखी लंघन. म्हणजे विषबाधेच्या लक्षणांवर विषबाधा वाढविणारीच चिकित्सा! अशा अवस्थेत उशीर झाला तर ग्लानी, आक्षेप, मूर्च्छा व मृत्यूही संभवतो. वाचलेल्या काही रुग्णांत तोल व वाणी यांचा दोष कायमचा राहतो.

आणखी दोन वेश ध्यानात ठेवावेत. लिथियममुळे तहान व मूत्रप्रवृत्ती वाढते. ती प्रमेहाची समजून पाणी कमी करण्यास सांगणे धोक्याचे आहे. तसेच लिथियममुळे अवटु ग्रंथी मंदावून आलस्य, शैत्य, स्थौल्य व मलावष्टंभ उत्पन्न होऊ शकतात. त्यास केवळ कफवृद्धी समजून लेखन व शोधन करण्यापूर्वी अवटूची रक्ततपासणी पाहावी.

चिकित्सालयातील आचरण

१) प्रत्येक नव्या रुग्णास, तक्रार कोणतीही असो, ‘झोपेची, मनाची वा मेंदूची कोणती गोळी चालू आहे का?’ असे एकांतात व सहजपणे विचारावे. गोळ्यांची पाकिटे आणावयास सांगावीत.

२) लिथियम आपणहून बंद करू नये व रुग्णासही तसे सुचवू नये. ते एकाएकी थांबविल्यास उन्माद उलटण्याचा व आत्महत्येचा धोका वाढतो.

३) लिथियम चालू असताना वमन, विरेचन, तीव्र स्वेदन, निर्जल उपवास, अळणी पथ्य व मूत्रल कल्प टाळावेत. एखादा उपक्रम अपरिहार्य वाटल्यास संबंधित मानसोपचारतज्ज्ञांशी आधी बोलावे आणि रक्तातील पातळी पाहण्याची व्यवस्था असेल तरच पुढे जावे.

४) लिथियमची पातळी शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी घेतलेल्या रक्तावरच पाहावी. मूत्रपिंड व अवटु यांच्या तपासण्या साधारणतः सहा महिन्यांनी झालेल्या आहेत ना, याची चौकशी करावी.

५) श्रावणातील वा नवरात्रातील उपवास, निर्जला एकादशी, कडक उन्हातील वारी, ज्वर, अतिसार व वांती या प्रसंगी पाणी व मीठ कमी पडू देऊ नये, हे रुग्णास व घरच्या मंडळींस आधीच सांगून ठेवावे.

६) जोराचा कंप, अडखळती वाणी, ढळता तोल, वांती, जुलाब वा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास लिथियमची पुढील मात्रा थांबवून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. सोबत दिलेल्या सर्व कल्पांची यादी द्यावी; काही लपवू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

लिथियमच्या चिठ्ठीवर ज्यांस नियमितपणे औषध दिले जाते, त्यांनी अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन वा डायक्लोफिनॅक मागितल्यास ती गोळी सहज पुढे करू नये. या वेदनाशामकांनी लिथियमची पातळी वाढते. रक्तदाबावरील थायाझाइड वर्गातील मूत्रल औषधे, तसेच एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे नव्याने लिहून आली असतील, तर दोन्ही चिकित्सकांस एकमेकांची औषधे ठाऊक आहेत ना, हे विचारावे. सारक व मूत्रल आयुर्वेदीय कल्प तर चिठ्ठीविनाच नेले जातात. तेथे शेवटची चौकशी करणारी व्यक्ती आपणच असता.

उपसंहार

ताण व मनःस्थिती यांचे नियमन पेशींच्या आतील काही विकरे करतात. मॅग्नेशियमची जागा घेणारा एक साधा क्षार त्यांतील दोघा-तिघांची गती किंचित बदलतो आणि उद्ध्वस्त झालेला संसार पुन्हा उभा राहतो. तोच क्षार मीठ व पाणी यांच्या थोड्याशा चढउताराने विष होतो. मीठ, पाणी, उपवास व स्वेद हे आपल्या चिकित्सेचे नित्याचे विषय आहेत. म्हणून लिथियम घेणाऱ्या रुग्णाविषयी सर्वाधिक दक्ष असण्याचे कर्तव्यही आपलेच ठरते. त्या कर्तव्याचा आरंभ एका प्रश्नाने होतो. तो प्रश्न प्रत्येक रुग्णास विचारला जावा, एवढीच आमची विनंती आहे.